पापणी

औंधच्या टेकडीवर, उत्तरेकडच्या दालनात
तीन आठवडे मी एका नागाचं तोंड धुतेय.
काडीला कापूस, कापसाला थुंकी.
हसू नका, जुन्या रंगाला थुंकीइतकं मवाळ काही मानवत नाही.
नखाएवढ्या जागेत गोल गोल फिरवायचं,
मग काजळी सुटते: समईची, धुपाची,
कुणाच्या तरी बैठकीतल्या गुडगुडीची.

चित्र नेहमीचंच. कालियाच्या मधल्या फण्यावर बाळकृष्ण,
एक पाय उचललेला,
हातात शेपूट, जसं वासराचं दावं.
तोंडावर ना जोर, ना घाम.
भोवती काळ्या पाण्यात कमरेएवढ्या उभ्या
नागाच्या बायका, हात जोडलेल्या.
यमुना चित्रकारानं ऐकूनच काढली असणार,
पण त्यांच्या लुगड्यांचे काठ
थेट इथल्या आठवडी बाजारातले.

हिंदुराव पहारेकरी, बत्तीस शिराळ्याचे.
ऐन उमेदीत पंचमीला नाग घेऊन मिरवलेले.
पुढं कोर्टाचा हुकूम आला, मडकी पालथी पडली,
आता तसबिरीला लाह्या वाहतात.
"तसबीरच राखायची, तर पगारावर राखू,"
असं म्हणून इकडं आले.

पहिल्याच दिवशी चित्रापुढं वाकले.
देवाकडं नाही, खाली बघत राहिले बराच वेळ.
"बाई, ह्यानं नाग बघितल्याला न्हाई."
का हो?
"नागाला पापणी नसती."

खरंच की.
मधल्या फण्याचा डावा डोळा अर्धा मिटलेला,
दाढ दुखताना माणूस मिटतो तसा.

पलीकडं प्लॅस्टरचा एक बाप आणि दोन पोरं,
सापांच्या विळख्यात, कुठल्या परदेशी शिल्पाची नक्कल.
सहलीची मुलं गप्प होतात तिथं.
हिंदुराव होत नाहीत:
"आवळतोय तर चावतोय कशाला?
आन् म्हाताऱ्यानं धरलंय बी चुकीच्या जागी."

मग वीर कसा दाखवायचा, मी विचारलं.
त्यांनी तंबाखू मळली, आत खायची नाही हे आठवून
पुन्हा डबीत ठेवली.
"बिळातनं काढणारे पुष्कळ हुते.
पाच दिसांनी त्याच बांधावर, त्याच बिळात
जनावर माघारी सोडायचा
त्याचं नाव घ्यायची बायामाणसं."

सोमवारी भिंग लावलं.
पापणी चित्रकाराची नव्हतीच.
खाली डोळा होता, टक्क उघडा, गुंजेएवढा,
चुन्याचा पांढरा ठिपका अजून ओला वाटावा असा.
वरचा थर घरच्या काजळाचा, तुपात खललेला,
आणि त्यात उमटलेली करंगळी.
लहान. बाईची, की पोराची, कोण सांगणार.

हिंदुरावांना दाखवलं. ते हसले नाहीत.
"मडक्याच्या तोंडाला आमी फडकं बांधायचो," म्हणाले,
"त्याला मिटता येत न्हाई ना.
अंधार दुसऱ्यानंच द्यावा लागतो."

नियम मला पाठ आहे: नंतरची भर काढायची,
मूळ हात मोकळा करायचा.
कापूस भिजवला. टाचेपासून सुरुवात केली.
टाच आणि फणा यांच्यामध्ये
तांदळाच्या कण्याएवढी हिरवी फट निघाली.
कुणी बुजवलेली नाही, मुळातलीच,
त्याच हातानं जपून सोडलेली.
म्हणजे इतकी वर्षं पाय टेकलेलाच नव्हता.

डोळ्यापाशी आले आणि काडी खाली ठेवली.
अहवालात रकाना आहे:
नंतरची भर काढली / ठेवली.
उद्या भरेन.

सहाला हिंदुराव खिडक्या लावतात,
खडाखड, एकामागून एक.
या चित्राशी थांबतात,
खांद्यावरचा टॉवेल झटकतात,
चौकटीवरून खाली सोडतात.

दहा डोळे. साडेनऊ उघडे.